गवत कापण्याचा छोटा धंदा



मंचेरियल २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. सिंगरेणीच्या वसाहती, शाळांची मैदाने, घरांची अंगणे, बागा आणि शेताचे बांध येथे पावसाळ्यात गवत माजते. विळा घेऊन चार दिवस बसण्यापेक्षा यंत्राने काम करून घेणे लोकांना परवडते. कापूस-भाताच्या कामातून सवड काढणाऱ्या तरुणाला हा जोडधंदा होऊ शकतो. मात्र हिशेब व काळजी दोन्ही हवीत.

हिरवळीच्या मोठ्या मैदानाला चाकांचे यंत्र बरे. बांध व ओबडधोबड जागेसाठी खांद्यावर अडकवायचा ब्रश कटर घ्यावा. आरंभी तो भाड्याने आणून महिनाभर गिऱ्हाइके जमतात का ते पाहावे, मगच विकत घ्यावा. कर्ज काढून सुरुवात करू नये.

आता हिशेब. समजा, यंत्र १२,००० रुपयांचे असून ६०० तास चालेल. म्हणजे तासाला २० रुपये झीज. पेट्रोल-ऑइल १००, नायलॉनची दोरी १५ व दुरुस्ती १५ धरल्यास खर्च १५० रुपये झाला. २५० रुपये घेतले तर हातात १०० उरतात. पण जाण्यायेण्यात आणखी एक तास गेला, तर मजुरी तासाला ५० रुपयेच पडली! म्हणून एकाच वस्तीतील चार घरे एका दिवशी घ्यावीत. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपले आपण वहीत मांडावेत.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. ५०:१ प्रमाण सांगितले असेल तर एका लीटरला २० मिलिलीटर. यंत्रासोबतच्या पुस्तिकेतील प्रमाणच पाळावे. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. हिरवळ एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, नाहीतर ती पिवळी पडते. गाजर गवत फुलण्याआधी कापावे, म्हणजे बी पसरत नाही. त्याने अंगाला खाज सुटते व दमाही बळावतो, म्हणून हातमोजे व तोंडाला फडके असावे.

सर्वांत मोलाचे डोळे. पात्याने उडालेला खडा डोळा कायमचा घालवू शकतो. चष्मा, कानांवर झाकण, जाड पँट व गमबूट यांशिवाय यंत्र सुरू करू नये. आधी जागा फिरून दगड, तारा, बाटल्या उचलाव्यात. मुलेबाळे व गुरे १५ मीटर दूर ठेवावीत. अर्ध्या तासाने विसावा घ्यावा. सततच्या कंपनाने बोटे बधिर होतात.

साप चावल्यास दोरी आवळू नये, जखम कापू नये. तो अवयव हलू न देता रोग्यास तडक सरकारी दवाखान्यात न्यावे.

नायलॉनचे तुकडे पडलेले किंवा औषध फवारलेले गवत जनावरांना घालू नये. स्वच्छ गवत मात्र चाऱ्याला किंवा खताच्या खड्ड्यात टाकावे. गिऱ्हाइकाचे अंगण स्वच्छ होते आणि आपल्या घरी खत तयार होते.