हलका गड्डा, अर्धशिजलं सारण

पत्ताकोबीचे भरले रोल स्वस्तात होतात हे खरं, पण ते स्वस्त राहतात सगळे अखंड ताटात उतरले तरच. अर्धे फुटले की रश्श्यात कोबीमिश्रित भात तरंगतो, मुलं ताट सरकवतात आणि डाळ, भाजी, गॅस सगळंच अंगावर येतं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या घरी हे घडलं, म्हणून लिहिते आहे.

युरोपात, तुर्कस्तानात, रशियात हे रोल पिढ्यानपिढ्या होतात. तिकडे सारणात बहुतेक वेळा कच्चा तांदूळ आणि खिमा असतो आणि भांडं तास-दीड तास मंद आचेवर किंवा भट्टीत राहतं. तीच रीत मी शाकाहारी सारणाला लावली. तांदूळ कच्चा, चणाडाळ नुसती भिजवलेली, रस्सा टोमॅटोचा. अर्ध्या तासात तांदूळ फुगला, पानं उसवली, आणि तासभर झाला तरी डाळ दाताखाली कचकचतच राहिली. सासूबाई शेजारीच होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, आमटीतसुद्धा चिंच आपण डाळ शिजल्यावरच घालतो ना?"

सगळं इंगित त्या प्रश्नात होतं. आंबटात डाळ मऊ होत नाही आणि तांदूळही उशिरा शिजतो. शिवाय तांदूळ शिजून जवळजवळ तिप्पट होतो, त्याला जागा लागते. त्यामुळे सारण बाहेरच बारा आणे शिजवून घ्यायचं, रश्श्यात फक्त उरलेले चार आणे. गॅसही निम्मा वाचतो, आणि आपल्या घरांत खरी बचत तिथेच असते. कोबी आणि तांदळाला असे किती पैसे पडतात!

आता गड्डा. एरवी आपण घट्ट, वजनदार गड्डा निवडतो. रोलसाठी नेमका तोच नको. त्याची पानं एकमेकांत रुतलेली असतात आणि सोडवताना फाटतात. शास्त्री बाजारात पसरा मांडून बसलेल्या भाजीवालीला मी सांगितलं की मला पानं सुटी हवी आहेत, तर ती म्हणाली, "गरू ला झन धर, हरू ला धर." जड नको, हलका घे. आकाराच्या मानाने हलका, थोडा चपटा, बाहेरची हिरवी पानं शाबूत असलेला गड्डा घ्यायचा. डिसेंबर-जानेवारीत असे गड्डे भरपूर येतात आणि भावही उतरलेला असतो. उन्हाळ्यात हा पदार्थ करूच नये असं माझं मत आहे. तेव्हा कोबी महाग आणि गड्डे लहान.

साधारण किलोभराच्या गड्ड्यातून 10 ते 12 कामाची पानं निघतात, चार माणसांचं जेवण होतं. मधला दांडा सुरीने कोरून काढा. मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी उकळा आणि गड्डा कोरलेली बाजू खाली करून त्यात सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत बाहेरची पानं सैल होतात, ती चिमट्याने एकेक उचला. त्याहून जास्त उकळू नका, कोबीला उग्र वास येतो आणि पान गळून जातं. फ्रीझरमध्ये जागा असेल तर अख्खा गड्डा रात्रभर गोठवून सकाळी बाहेर काढा. बर्फामुळे पानांच्या पेशी फुटतात आणि पानं न उकळताच लवतात. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी बघून घ्या. चिरलेल्या कोबीत अळी नजरेतून सुटते, इथे सुटत नाही.

पानाच्या पाठची जाड शीर सुरीने तासून पानाच्या जाडीची करा. अळूवडी करणारीला हे सांगायला नको. आमच्या छत्तीसगढी शेजारणी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांचा इडहर करतात, उडदाचं वाटण लावून, गुंडाळी वाफवून, मग ताकाच्या कढीत सोडून. त्यांचाही हात आधी शिरेवरच जातो.

तांदळाबद्दल जरा सविस्तर. धानाच्या या प्रदेशात दुकानदार सुगंधी तांदूळ पुढे करतो. नगरीचा दुबराज उत्तमच, पण कोबी आणि टोमॅटोत त्याचा सुवास हरवतो. तो साध्या वरणाबरोबर खावा. घरात एचएमटी असेल तर चालतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून तयार केलेला हा तांदूळ इथेही घरोघरी आहे. पण रोलसाठी माझी पसंती कनकीला. तुटलेल्या दाण्यातून पिठूळपणा सुटतो, सारण एकजीव होतं, बांधायला अंडं किंवा बेसन लागत नाही. शिवाय ती अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त.

12 रोलना 1 वाटी कनकी, दोन तास भिजलेली अर्धी वाटी चणाडाळ आणि 50 ग्रॅम सोयावडी पुरते. पोटभरीचं बळ सोयावडीत आहे. कोरड्या वडीत वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिनं असतात, तेही पनीरच्या मानाने फारच थोड्या पैशांत. ती गरम पाण्यात फुगवून दोनदा घट्ट पिळा आणि हाताने कुस्करा. नीट पिळली नाही तर तिचा वास सगळ्या सारणाला लागतो. डाळ वेगळी उकडा, बोटाने दाबली की फुटेल इतपत. दोन चमचे तेलात कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची परता. गड्ड्याचा दांडा आणि फाटकी पानं बारीक चिरून त्यातच टाका. मग कनकी आणि वाटीभर गरम पाणी घाला, झाकण ठेवून पाणी आटू द्या. दाण्यात किंचित कणी राहिली पाहिजे. शेवटी डाळ, सोयावडी, गोडा मसाला, दाण्याचं कूट, मीठ आणि मूठभर सांबार (कोथिंबीर) घालून ताटात पसरून निववा.

एका पानात दोन मोठे चमचे सारण. देठाकडून एक वळसा, दोन्ही कडा आत, मग पुढे गुंडाळा. करकचून नको, आत बोटभर ढील असू द्या. दोरा, काडी काहीच लागत नाही. गड्ड्यातली आतली चार-पाच लहान पानं मागे ठेवून ती भांड्याच्या तळाशी अंथरा, म्हणजे रोल लागत नाहीत. त्यांवर रोल जोड खाली करून एकमेकांना खेटून लावा.

रश्श्याला 5-6 पिकले टोमॅटो. हिवाळ्यात दुर्गकडच्या धमध्याचा टोमॅटो रायपुरात मुबलक असतो. कांद्यावर टोमॅटोचा रस परतून गूळ, तिखट, मीठ घाला, कोबी उकडलेलं वाटीभर पाणी घाला आणि रोल दोन-तृतीयांश बुडतील इतका रस्सा ओता. वर एक ताटली उपडी घाला, तिच्या वजनाने रोल हलत नाहीत. एक उकळी आली की मंद आच, 20 ते 25 मिनिटं. मधे चमचा घालू नका. कुकरमध्ये केले तर शिट्टी लावू नका, दाबाखाली पानं उसवतात.

एका बाबतीत मात्र कडकपणे सांगते. सकाळी भरून ठेवते, रात्री शिजवते, असं उघड्या ओट्यावर करू नका. आदल्या रात्रीचा बाहेर राहिलेला भातही सारणात नको. शिजलेल्या भातात वाढणारा बॅसिलस सिरियस नावाचा जंतू जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही. गुंडाळीच्या पोटात ऊब बराच वेळ राहते, म्हणजे त्याची सोयच. इथे बासी, म्हणजे रात्रभर ठेवलेला भात, खाल्ली जाते खरी, पण ती पाण्यातली. डाळ-कांद्याच्या सारणाला तो भरवसा लावू नका. दोन तासांच्या आत रोल फ्रिजमध्ये गेले पाहिजेत, तेही रश्श्यातून काढून पसरट डब्यात एका थरात. दुसऱ्या दिवशी ते निम्मे कापून, कापलेली बाजू खाली करून लोखंडी तव्यावर खरपूस भाजा आणि उरलेला रस्सा वेगळा खळखळून उकळून वाटीत द्या. मुलं पहिल्या दिवसापेक्षा हे जास्त मागतात.