पिकअप गाडीचे मागील पाटे : जादा पाटा घालण्यापूर्वी

शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी पिकअप गाडीचा वापर आता खेडोपाडी रूढ झाला आहे. नारायणगावचा टोमॅटो असो वा निफाडकडील कांदा, बांधापासून बाजार-आवारापर्यंतचा प्रवास बहुधा याच गाडीतून होतो. गाडी घेतल्यावर तिच्या मागील पाट्यांत एक-दोन जादा पाटे घालून घेण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. पाटे वाढविले म्हणजे गाडीची वजन वाहण्याची शक्ती वाढली, असा समज या प्रथेच्या मुळाशी असतो. हा समज बरोबर नाही. जादा पाट्यांमुळे गाडी मागे बसत नाही, एवढेच. आस, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी यांची शक्ती पूर्वी होती तेवढीच राहते. किंबहुना गाडी बसलेली दिसत नाही म्हणून मालकास जादा भाराची जाणीवच होत नाही.

टांग्याखालचे पाटे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना पिकअपच्या पाट्यांची रचना नवी वाटणार नाही. स्प्रिंगच्या पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकाखाली एक रचून मध्यभागी बोल्टाने बांधलेल्या असतात, आणि यू बोल्टांनी त्या आसावर आवळलेल्या असतात. सर्वांत लांब अशा मुख्य पाट्याची टोके गोल वळवून त्यांत बुश बसवितात. एक टोक चासीला पक्के, तर दुसरे झुलत्या शॅकलला जोडलेले असते. कारण भाराने कमान सपाट होऊ लागली की पाट्याच्या दोन टोकांमधील अंतर वाढते. अनेक गाड्यांत सर्वांत खाली एक जाड व जवळजवळ सपाट पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो काम करीत नाही; भार पडल्यावरच वरचे पाटे त्यावर टेकतात. त्यामुळे गाडी रिकामी असता मऊ व भरली असता ताठ चालते. कारखान्याने विचारपूर्वक साधलेला हा मेळ जादा पाट्याने सहज बिघडतो.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. पाच सारख्या पाट्यांत तसाच सहावा घातला, तर ताठपणा सुमारे एक-पंचमांशाने वाढतो. परंतु पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटर जाडीचा पाटा आला तर तो एकटाच जुन्याच्या जवळजवळ दुप्पट ताठ असतो. शिवाय दोन्ही सारखेच वाकले तरी जाड पाट्यावर ताण अधिक पडतो, व तो आधी तुटतो. भंगारातून मिळेल तो पाटा घालणे म्हणूनच धोक्याचे होय.

ताठ झालेली गाडी रिकामी किंवा अर्धी भरून खडबडीत रस्त्याने निघाली की मागील चाके उसळू लागतात. चाक जमिनीवर नीट टेकत नाही, तेव्हा ब्रेकही नीट लागत नाही. मालाचे नुकसान निराळेच. टोमॅटो, द्राक्षे यांसारख्या नाजूक मालास या हादऱ्यांनी मार बसतो. वरच्या थरातील क्रेटना तो विशेष जाणवतो, आणि बाजारात क्रेट उघडल्यावर त्याचा हिशेब भावात चुकवावा लागतो.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची आहे. कित्येक गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह चासीवर असतो आणि तो एका दांडीने मागील आसाला जोडलेला असतो. चासी व आस यांतील अंतर घटले की गाडी भरलेली आहे असे ओळखून तो मागील चाकांस पुरता दाब देतो. अंतर वाढले की दाब रोखतो. पाटे वाढविलेली गाडी भरूनही उंच राहते. व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच! मग मागील ब्रेक अपुरे पडतात व सगळा भार पुढच्या ब्रेकवर येऊन ते तापतात. नाशिककडून वाशीच्या बाजारास जाणारी गाडी रात्री कसारा घाट उतरत असताना हा दोष उघड होणे किती महागात पडेल, हे सांगावयास नको. याखेरीज मागचा भाग उचलला गेल्याने प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि दिव्यांचा झोत जवळ पडतो.

किती माल भरता येईल हे पाट्यांवरून नव्हे, नोंदणी प्रमाणपत्रावरून ठरवावे. समजा, गाडीचे नोंदलेले एकूण वजन २,९५० किलो व रिकामे वजन १,६५० किलो आहे. फरक १,३०० किलो. चालक व एक सोबती मिळून १३० किलो वजा जाता १,१७० किलो उरतात. म्हणजे ५० किलोच्या २३ गोणी. क्रेटमधून माल नेताना रिकाम्या क्रेटचे वजनही यातच धरावे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये प्रमाणपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जादा भारासाठी कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठेवला आहे.

नोंदलेल्या भारातच गाडी मागे बसत असेल, तर दोष बहुधा जुन्या पाट्यांत असतो. गाडी सपाट जागी रिकामी उभी करून दोन्ही बाजूंस आस ते चासी हे अंतर मोजावे. एक बाजू खाली असल्यास तेथील पाटा तुटला आहे काय, मधला बोल्ट शाबूत आहे काय, बुश झिजले आहेत काय, हे पाहावे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील, तर त्याच मापाचे नवे पाटे जोडीने घालावेत. एकाच बाजूस घातल्यास गाडी तिरकी राहते. भट्टीत किंवा गॅसने तापवून कमान चढविण्याचा स्वस्त उपाय टाळावा, कारण त्याने पोलादाचे पाणी उतरते व पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो किंवा मोडतो. तुटलेल्या पाट्यास वेल्डिंग तर कधीही करू नये.

जुने यू बोल्ट ताणले गेलेले असतात. पाट्यांबरोबर तेही नवे घ्यावेत आणि कारखान्याने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरविल्यानंतर शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळले जाऊन लवकर फाटते. काम झाल्यावर ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. नवे पाटे एकमेकांवर बसले की आवळणी थोडी सैल पडते. म्हणून पहिल्या दोन-तीन खेपांनंतर यू बोल्ट पुन्हा पाहावेत.