भूगर्भातील वायुसाठे आणि तपासणीची सही

आपल्या भागातील जुन्या वाड्यांतून पूर्वी धान्याची पेवे असत. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तळाला व कडेला कडबा लावायचा, धान्य भरायचे आणि तोंड दगड-मातीने बंद करायचे. असे पेव उघडण्याची रीत ठरलेली असे. तोंड उघडल्यावर आत हवा खेळू द्यायची आणि मग दोरीला कंदील बांधून तो खाली सोडायचा. ज्योत मंदावली किंवा विझली, तर कोणीही आत उतरायचे नाही. कोंडलेल्या धान्यामुळे आतला प्राणवायू कमी होतो व कार्बन डायऑक्साइड साचतो, हे शास्त्र त्या माणसांना ठाऊक नव्हते. पण कंदील सोडल्यावाचून उतरायचे नाही, हा नियम पक्का होता.

आजच्या जगात धान्याप्रमाणेच इंधनवायूही जमिनीच्या पोटात साठवला जातो. भूगोलाचा अभ्यास करताना या वायुसाठ्यांची माहिती वाचनात आली. तिच्यातून एक प्रश्न मनात उभा राहिला. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची तपासणी झाली असे कधी म्हणायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नैसर्गिक वायू साठवण्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारच्या जागा वापरतात. पहिली, तेल किंवा वायू काढून रिकामी झालेली क्षेत्रे. दुसरी, पाणी धरून ठेवणारे सच्छिद्र खडकांचे थर. आणि तिसरी, मिठाच्या जाड थरांत पाण्याने मीठ विरघळवून तयार केलेल्या पोकळ्या. उन्हाळ्यात मागणी कमी असते तेव्हा वायू दाबाने आत भरतात आणि हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी तो बाहेर काढतात. अमेरिकेत अशी सुमारे चारशे केंद्रे आहेत. वर अच्छिद्र खडकाचे झाकण असल्याने वायू सहसा खडकातून निसटत नाही. धोका असतो तो माणसाने पाडलेल्या छिद्रात, म्हणजे विहिरीत. विहिरीतील पोलादी नळी गंजली, झडप निकामी झाली किंवा भोवतीचे सिमेंट तडकले, की शेकडो मीटर खोल कोंडलेल्या वायूला वाट मिळते.

कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन येथे हेच घडले. तेथील एस. एस. २५ ही विहीर १९५३ साली तेलासाठी खोदलेली होती. पुढे ती वायू साठवण्यासाठी वापरात आली. तिच्या तळाजवळची सुरक्षा-झडप १९७९ मध्ये काढण्यात आली आणि तिच्या जागी दुसरी बसवली गेली नाही. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी गळती लक्षात आली. विहीर बुजवण्याचे एकामागून एक प्रयत्न फसले. शेवटी शेजारून दुसरी विहीर खोदून फेब्रुवारी २०१६ मध्ये गळती थांबवावी लागली. तोपर्यंत सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता आणि आठ हजारांहून अधिक कुटुंबांना घरे सोडून अन्यत्र राहावे लागले होते.

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. या विहिरीची तपासणी होत नव्हती असे नाही. नियमाप्रमाणे दर वर्षी विहिरीतील तापमान मोजले जात होते. परंतु वायू गळू लागला म्हणजेच तापमानात फरक पडतो. नळी आतून-बाहेरून किती झिजली आहे, हे तापमान सांगत नाही. नळीची जाडी मोजण्याची साधने उपलब्ध होती, पण या विहिरीत ती उतरवली गेली नाहीत. २०१९ च्या मे महिन्यात तज्ज्ञांचा अहवाल आला. भूजलाच्या संपर्कामुळे व त्यातील सूक्ष्मजीवांमुळे नळी बाहेरून गंजत गेली आणि फुटली, असे त्यात म्हटले आहे. त्याच केंद्रातील विहिरींच्या नळ्यांत यापूर्वी साठाहून अधिक गळत्या झाल्या होत्या. त्या का झाल्या, याचा मात्र शोध घेतला गेला नव्हता, असेही अहवाल सांगतो. म्हणजे नियम पाळला गेला, वहीत नोंदही झाली. कंदील मात्र भलत्याच पेवात सोडला गेला!

दुसरे उदाहरण कॅन्सास राज्यातील हचिन्सन शहराचे. शहरापासून सुमारे ११ किलोमीटरवर मिठाच्या पोकळ्यांत वायुसाठा होता. जानेवारी २००१ मध्ये तेथील एका विहिरीच्या नळीला पडलेल्या छिद्रातून वायू निसटला व जमिनीखालून थेट शहराखाली पोहोचला. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या मिठाच्या विहिरींतून तो वर आला. १७ व १८ जानेवारीला स्फोट झाले आणि दोन माणसे दगावली. यानंतर राज्याने कडक नियम केले. पण २०१० मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, अनेक राज्यांना वायू पुरवणाऱ्या साठ्यांवर नियम लादण्याचा अधिकार राज्याला नाही, तो केंद्राचा आहे. केंद्राचे असे नियम तर तेव्हा अस्तित्वातच नव्हते! त्यामुळे जेथे दुर्घटना घडली, त्याच राज्यातील अशा साठ्यांकडे पाहणारा सरकारी निरीक्षक काही वर्षे कोणीच नव्हता. अलिसो कॅन्यननंतर २०१६ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात देशव्यापी किमान नियम आले. वर्षातून एकदा मुख्य झडपा चालवून पाहणे, प्रत्येक विहिरीच्या धोक्याचा अंदाज बांधणे, कागदपत्रे जपणे, आपत्तीची योजना तयार ठेवणे अशा गोष्टी तेव्हा बंधनकारक झाल्या.

आपल्या देशात नैसर्गिक वायूचा असा भूगर्भातील साठा अद्याप नाही. मात्र स्वयंपाकाच्या गॅसचा आहे. विशाखापट्टणम येथे कठीण खडक कोरून केलेली ६० हजार टनांची गुहा २००७ पासून वापरात आहे आणि मंगळूर येथे ८० हजार टनांची गुहा २०२५ साली सुरू झाली. या गुहांना पोलादी अस्तर नसते. भोवतालच्या खडकातील पाण्याचा दाब गॅसच्या दाबापेक्षा जास्त ठेवतात; त्यामुळे पाणी थोडे थोडे आत झिरपते, पण गॅस बाहेर पडत नाही. झिरपलेले पाणी पंपाने उपसतात. येथे पाणी हेच कुलूप आहे, आणि पाण्याची पातळी रोज पाहणे हीच खरी राखण आहे.

स्फोटक व ज्वलनशील पदार्थांच्या साठ्यांना परवाना देणाऱ्या व त्यांची तपासणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, मुख्यालय आपल्या विदर्भात, नागपूरला आहे. १८९८ साली सुरू झालेला स्फोटके विभाग तो हाच. आपल्या घरातील सिलिंडरलाही याच व्यवस्थेचे नियम लागू आहेत. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर व दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर, आकडे वर्षाचे. ही त्या सिलिंडरच्या पुढील चाचणीची मुदत होय. ती उलटून गेलेले सिलिंडर आपण घेऊ नये.

गेल्या वर्षी आमच्या घरी गॅसच्या तपासणीसाठी एक गृहस्थ आले. ओट्यावर बसून त्यांनी छापील अर्ज भरला आणि सहीसाठी आईपुढे धरला. आईला सही करता येते, वाचता येत नाही. म्हणून मी अर्ज वाचला. नळी पाहिली, रेग्युलेटर पाहिला, शेगडी पाहिली, अशा सगळ्या ओळींपुढे खुणा झालेल्या होत्या. मी म्हटले, "काका, तुम्ही स्वयंपाकघरात तर आलाच नाहीत." आई मलाच म्हणाली, "करू दे न वं सही, त्याले अजून दहा घरं फिरा लागते." ते गृहस्थ मात्र हसले, उठले आणि आत आले. नळीवरचे साल पाहिले, तर ती बदलण्याची पाच वर्षांची मुदत उलटून गेली होती. टोकाशी तिला बारीक भेगाही पडल्या होत्या. त्या आठवड्यातच आम्ही नळी बदलली.

त्या गृहस्थांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. एका दिवसात पुष्कळ घरे उरकायची असली, की माणूस खुणांवर येतो. पण अलिसो कॅन्यनची विहीर आणि आमची नळी यांत मला एकच सूत्र दिसते. तपासणीला तीन अंगे आहेत. जी वस्तू निकामी होऊ शकते, तीच वस्तू पाहिली पाहिजे. पाहणाऱ्याला तसा अधिकार व वेळ असला पाहिजे. आणि दोष आढळला, की तो का आला हे शोधून दुरुस्ती झाली पाहिजे. यांतील तिसरे अंग तुटले तर काय होते, हे भोपाळने दाखवले. त्या कारखान्याची तपासणी कंपनीच्याच तज्ज्ञांनी १९८२ मध्ये केली होती व दोषही नोंदवले होते. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटता वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता.

आपल्या गावात बहुसंख्य घरांतून आता चुलीच्या जागी शेगडी आली आहे. तिच्याबरोबर तपासणीचा अर्जही आला आहे. तो वाचू शकणारे कोणी ना कोणी आज प्रत्येक घरात आहे, आणि बहुधा ते आपल्यासारखे शिकणारे मूलच आहे. म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की, घरच्या मोठ्यांनी सही करण्यापूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवा, येणाऱ्याला आदराने आत बोलवा, पाणी द्या आणि नळी दाखवा. गॅसचा वास आला तर दिवा-बटण न लावता दारे-खिडक्या उघडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा. शिक्षणाचा उपयोग काय, असे घरात कोणी विचारले, तर या एका सहीपुरते तरी उत्तर आपल्याजवळ आहे.