नाव आपलं, नोंद परक्याची

२०२२ च्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पाचोऱ्याच्या छापखान्यातून आमची तीन हजार लेबलं आली. तळाशी ठळक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता होता. वर्षभराने उरलेल्या लेबलांवर मी आणि जाऊबाई रात्री जेवणं उरकल्यावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत होतो. तो पत्ता आमचा राहिला नव्हता.

आम्ही भडगावात बिबडे, उडदाचे पापड, कुरडया आणि काळा मसाला करतो. इथल्या लेकी सुरतेला, नाशिकला, पुण्याला नांदतात आणि खान्देशातलं वाळवण त्यांना तिकडे मिळत नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत येणं-जाणं थांबलं, तसे फोन वाढले. घरच्यांनी ठरवलं, आता वेबसाइट हवी. शहरातल्या एका ओळखीच्या माणसाकडे काम दिलं, अठ्ठावीस हजार मोजले. आमच्यासारख्या घरात तेवढ्या पैशांत दोन हंगामांची ज्वारी येते.

त्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यात घेतलं. आम्ही विचारलंच नाही. वर्ष संपलं, नूतनीकरणाची आठवण त्याच्या ईमेलवर गेली आणि तोवर त्याने तो धंदाच सोडला होता, फोनही बदलला होता. डोमेनची मुदत संपली की काही दिवसांची सवलत असते, मग जादा दंड भरून सोडवता येतं, आणि त्यानंतर ते नाव कुणीही घेऊ शकतं. आमचं नाव असंच तिसऱ्याने घेतलं.

म्हणून वेबसाइट करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइलवर घ्या. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, साइटवर खातं उघडायला पंधरा मिनिटं लागतात आणि शेवटी .इन असलेलं नाव साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळतं. पैसे भरण्याआधी पहिल्या वर्षाचा नव्हे, दुसऱ्या वर्षापासूनचा दर बघा. सवलतीचा आकडा पहिल्याच वर्षापुरता असतो. करणाऱ्याला काम करण्यापुरती परवानगी द्या, मालकी देऊ नका. मूळ फोटो, मजकूर, लोगोची फाइल, सगळे पासवर्ड काम संपताच मागून घ्या. शेताचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवत नाही. हेही तसंच आहे.

पण नाव हातात राहिलं असतं तरी त्या वेबसाइटचा फार उपयोग झाला नसता, हे मला नंतर उमगलं. उघडलं की एकामागून एक सरकणारी पाच मोठी चित्रं. त्यात आमचं काही नव्हतं. कुठल्या तरी परदेशी स्वयंपाकघरातल्या बरण्या होत्या. वजनाने एवढी जड की गावाकडच्या फोनवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जाई. मराठी मजकूर आमच्या माहितीपत्रकातून घेतला होता. छापखान्यातली ती जुन्या फॉन्टमधली अक्षरं युनिकोडमध्ये नव्हती. वेबवर टाकली की त्यांची निरर्थक चिन्हं व्हायची, म्हणून त्याने अख्खा मजकूर चित्र करून चिकटवला. डोळ्यांना मराठी दिसे, पण त्यात 'बिबडे' हा शब्द शोधयंत्राला वाचता येईना. सुरतेहून कुणी तोच शब्द शोधला, तर आम्ही कुठेच नसू.

दुसऱ्या वेळी वेबसाइट करायला, लेक जळगावला शिकत होती, तिलाच बसवलं. मात्र संगणक उघडण्याआधी मी फोनजवळ एक वही ठेवली. महिनाभर ग्राहक काय विचारतात ते लिहीत गेले. किलोचा भाव काय? अर्धा किलो मिळेल का? लसूण घातलाय का? सुरतेला किती दिवसांत पोहोचेल? वाटेत तुटतात का? पैसे कसे पाठवायचे? रंगाबद्दल, लोगोबद्दल एकानेही विचारलं नाही. त्या सहा प्रश्नांची उत्तरं म्हणजे आमचं पहिलं पान. 'कार्ट', म्हणजे वेबसाइटवरच खरेदी करायची सोय, काढूनच टाकली. खालती व्हॉट्सअ‍ॅपचं एक बटण आणि घरचा नंबर ठेवला, कारण आमचा ग्राहक 'ताई, दोन किलो पाठवा' एवढंच लिहितो.

फोटो घरीच काढले, पैसा लागला नाही. बिबडे करताना ज्वारी भिजवून, कांडून, तीळ-जिरं घालून घाटा शिजवतात. मग खाटेवर ओलं धोतर अंथरून त्यावर हाताने थापतात. वाळल्यावर धोतर उलटं करायचं, मागून पाणी शिंपडायचं, की बिबडा अलगद सुटतो. जाऊबाईंची बोटं तो सोडवताना, सकाळी आठच्या सुमाराचं ऊन, पांढरं कापड. लेकीने फोन आडवा धरून वीसेक फोटो काढले. त्यातला एक ठेवला. तो पाच एमबीचा होता, आकार कमी करून दीडशे केबीवर आणला, दिसण्यात फरक पडला नाही. दुसरा फोटो पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या थरांचा. 'तुटतात का' या प्रश्नाला तो फोटो शब्दांपेक्षा चांगलं उत्तर देतो.

अक्षरांवर मात्र आम्ही वेळ घालवला, आणि तो घालवावाच. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे आणि व्यवसायालाही वापरता येतो. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं असल्याने फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, म्हणून साधा आणि ठळक असे दोनच प्रकार घेतले. ओळींमधलं अंतर वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. राखाडी अक्षरं शहरातल्या पडद्यावर नाजूक दिसतात, पण ओट्यावर उन्हात बसून वाचता येत नाहीत. आम्ही पांढऱ्यावर काळी ठेवली, भावापुरता लाल मिरचीचा रंग.

तळाशी आमचा पत्ता, अन्नपदार्थांच्या नोंदणीचा एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि तक्रारीसाठी घरातल्या माणसाचं नाव. पत्ता आणि तक्रारीसाठीचं नाव २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी द्यायला सांगितलंय, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की अनोळखी माणूस आधी पैसे पाठवतो तो हे सगळं वाचून. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, तीही केली. वेबसाइटचा पत्ता https ने सुरू व्हायला प्रमाणपत्र लागतं. त्याचे पहिल्या माणसाने आमच्याकडून दोन हजार घेतले होते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र केव्हापासून मोफत आहे, आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात.

सगळा मिळून खर्च चार आकड्यांतच राहिला. बिबडे होळीनंतर करायला घेतो, आखाजीपर्यंत उरकतो. माल संपला की लेक पानाच्या वरच 'या हंगामाचे बिबडे संपले' असं टाकते. पहिल्या वेबसाइटवर हे टाकायचं म्हटलं तरी दरवेळी त्या माणसाची वाट बघावी लागे. आता माझी मीही टाकते.

डोमेनची तारीख श्रावणात येते. कालनिर्णयच्या त्या चौकटीत मी लाल शाईने खूण करते, आणि पैसे महिनाभर आधीच भरून मोकळी होते.