धन, दान आणि साधनशुद्धी
(जॉन डी. रॉकफेलर यांच्या धर्मसंस्कारांचा विचार)

अमेरिकेतील धनाढ्य रॉकफेलर घराण्याचे मूळपुरुष जॉन डी. रॉकफेलर (१८३९–१९३७) यांच्या धर्मसंस्कारांचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. दाता धर्मशील असला म्हणजे त्याचे धनही शुद्ध ठरते काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून उपस्थित होतो.

न्यूयॉर्क राज्यातील रिचफर्ड येथे त्यांचा जन्म झाला. पिता विल्यम हे गावोगाव औषधे विकत हिंडणारे आणि वृत्तीने बेभरवशाचे. माता एलायझा मात्र बाप्टिस्ट पंथाच्या निष्ठावंत अनुयायी होत्या. या पंथात शिशूस दीक्षा देत नाहीत. समजत्या वयात श्रद्धा प्रकट करणाऱ्यासच जलात बुडवून दीक्षा देतात. मद्य, पत्ते, नृत्य यांपासून दूर राहणे, काटकसर आणि मिळकतीतून दान हे संस्कार मातेकडून आले. १८५४ मध्ये क्लीव्हलँड येथील ईरी स्ट्रीट चर्चमध्ये त्यांनी दीक्षा घेतली.

२६ सप्टेंबर १८५५ रोजी त्यांना कारकुनाची नोकरी लागली. पहिल्या तीन महिन्यांचे वेतन अवघे पन्नास डॉलर. तथापि लहानशा खतावणीत चर्चला दिलेल्या सेंटांचीही नोंद आढळते. चर्चवर दोन हजार डॉलरांच्या कर्जापायी जप्ती येऊ लागली, तेव्हा या तरुणाने दाराशी उभे राहून एकेकाकडून वर्गणीचे वचन घेतले व ते कर्ज फेडविले.

पुढे १८७० मध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन झाली. १८७२ मध्ये काही महिन्यांतच क्लीव्हलँडमधील सव्वीस प्रतिस्पर्धी कारखान्यांपैकी बावीस तिने आपल्या ताब्यात घेतले. रेल्वे कंपन्यांकडून भाड्यात गुप्त सूट मिळविणे, हे तिच्या बळाचे एक प्रमुख साधन होते. त्याच काळात दानाचा ओघही वाढत होता. बाप्टिस्ट धर्मोपदेशक फ्रेडरिक गेट्स यांच्या सल्ल्याने त्या दानास पद्धतशीर रूप आले. शिकागो विद्यापीठ (१८९०) व रॉकफेलर फाउंडेशन (१९१३) ही त्याची प्रसिद्ध फळे होत.

१९०५ मध्ये त्यांनी काँग्रिगेशनल पंथाच्या परदेशी धर्मप्रसार मंडळास एक लाख डॉलर दिले. त्याच पंथाचे धर्मोपदेशक वॉशिंग्टन ग्लॅडन यांनी ‘हे धन कलंकित आहे’ असा आक्षेप घेतला. मात्र मंडळानेच ही देणगी मागितली होती, असे नंतर उघड झाले. धन परत गेले नाही.

येथे कोणी शंका घेईल की, दान रुग्णाच्या व विद्यार्थ्याच्या उपयोगी पडले, मग उगमाची चौकशी कशास? समाधान असे : उपयोग हा घेणाऱ्याच्या गरजेचा विषय, शुद्धी हा देणाऱ्याच्या आचरणाचा. औषधाने रोगी बरा झाला, म्हणून औषधाच्या मोलाचा पैसा न्यायाने आला असे सिद्ध होत नाही. तसेच, उगम सदोष म्हणून रोग्याचे बरे होणेही खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टींची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते.

रॉकफेलर यांची धर्मनिष्ठा दांभिक होती, असे म्हणणे न्याय्य नाही. दानाचा नेम त्यांनी दारिद्र्यातच धरला होता. परंतु आपली संपत्ती ईश्वरानेच दिली, ही त्यांची दृढ श्रद्धा होती. अशा श्रद्धेने दानास बळ येते. पण तीच श्रद्धा अर्जनाच्या मार्गाची परीक्षा अनावश्यक वाटावयास लावू शकते. ती परीक्षा अखेर न्यायालयाने केली : १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कंपनीचे चौतीस भाग झाले.

अतएव दात्याने आपल्या वहीत ‘किती दिले’ याच्या शेजारी ‘कसे आले’ हेही लिहावे. आणि दान घेणाऱ्याने हात पुढे करण्यापूर्वीच ते वाचून पाहावे, हाच या चरित्राचा बोध होय.