ज्येष्ठमध : गुण विकावा, धोकाही सांगावा

ज्येष्ठमध नाही असे अत्ताराचे दुकान सहसा सापडणार नाही. इराण, अफगाणिस्तान व मध्य आशियातून येणारा हा माल. युनानीत मुळाला असलुस्सूस आणि अर्क आटवून केलेल्या सताला रुब्बुस्सूस म्हणतात. या मुळाने सूज उतरते हे हकीम पूर्वीपासून सांगत आले. ती कशी उतरते, हे विक्रेत्यानेही समजून घ्यावे.

मुळाची गोडी मुख्यतः ग्लायसिरायझिन या द्रव्याची. आतड्यात त्यापासून एक आम्ल बनते. आपले शरीर सूज आवरण्यासाठी कॉर्टिसॉल तयार करते आणि मूत्रपिंडातील एक विकर ते निष्प्रभ करते. हे आम्ल त्या विकराला अडवते, म्हणून कॉर्टिसॉल अधिक काळ टिकते. हा उलगडा १९८७ साली झाला. ॲलर्जीत पेशींतून सुटणारे हिस्टामिन या द्रव्याने कमी होते, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र तेवढ्यावरून दमा बरा होण्याची हमी देता येत नाही.

जो गुण, तोच धोका. मूत्रपिंडात टिकलेले कॉर्टिसॉल शरीरात मीठ व पाणी साठवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. १९४६ साली हॉलंडचे डॉक्टर रेव्हर्स यांनी पोटातील व्रणावर ज्येष्ठमधाचा सत दिला. व्रणाला उतार पडला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली.

आता हिशेब पाहा. युरोपातील तज्ज्ञ समितीने रोजच्या सेवनासाठी ग्लायसिरायझिनची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवली आहे. मुळात ते ४ टक्के धरले, तर अडीच ग्रॅम मुळातच ही मर्यादा गाठते. सतात प्रमाण याहून बरेच जास्त असते.

व्यापारी बंधूंनी एवढे पाळावे :

१) रक्तदाबाचा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा रोगी, तसेच गरोदर स्त्री यांना डॉक्टर किंवा हकिमाला विचारल्याशिवाय देऊ नये.

२) सत विकताना तो रोज, महिनोन्‌महिने घेऊ नये, हे आवर्जून सांगावे.

३) माल कोरड्या जागी ठेवावा. बुरशी लागलेला माल काढून टाकावा. बुरशीच्या ऑक्राटॉक्सिन विषाची युरोपातील मर्यादा किलोमागे अवघी २० मायक्रोग्रॅम आहे.

४) गुंजेचे मूळ ज्येष्ठमध म्हणून खपवले जाते. खरे मूळ आतून पिवळे, तंतुमय व गोड असते. शंका आल्यास जाणकाराला दाखवावे.

५) औषध बनवून विकायचे असेल तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो.

पुडी बांधताना ग्राहकाला रक्तदाब विचारायला क्षणभरच लागतो. एखादी विक्री हुकेल, पण गिऱ्हाईक टिकेल.