'कल्हई करणे' : एका क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग

वस्तू वापरातून गेल्या की त्यांचे शब्दही हळूहळू विस्मरणात जातात. स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आले आणि 'कल्हई करणे' हा प्रयोग अनेक घरांतून मागे पडला. आता तांब्यापितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. अशा वेळी या क्रियापदाचा अर्थ नेमका समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्याचा संबंध थेट मुलांच्या ताटाशी आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. अरबी भाषेत 'कलई' म्हणजे कथील. मलाय द्वीपकल्पातील 'कलह' या बंदराच्या नावाशी हा शब्द जोडला जातो. त्या भागातून कथील पश्चिमेकडे जात असे. पुढे मराठीत त्याचे 'कल्हई' असे रूप रूढ झाले व त्याला 'भांड्याच्या आतील कथलाचा लेप' असा अर्थ आला.

मराठीत धातूचा थर देण्यासाठी अनेक क्रियापदे आहेत. परंतु ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. 'चांदीच्या दागिन्यावर सोन्याचा मुलामा दिला' या वाक्यात धातूचे नाव षष्ठीत सांगावे लागते. 'देव्हारा चांदीने मढवला' येथे ते तृतीयेत येते आणि पातळ पत्र्याचे आवरण अभिप्रेत असते. 'पातेल्याला कल्हई केली' असे म्हणताना मात्र धातूचे नाव घ्यावेच लागत नाही. ते शब्दातच सामावलेले आहे. यास्तव 'चांदीची कल्हई' हा प्रयोग सदोष ठरतो. विजेच्या साहाय्याने दिलेल्या थराला शास्त्रीय परिभाषेत 'विद्युत विलेपन' म्हणतात. लोखंडी पत्र्यावर गंज रोखण्यासाठी चढवतात तो जस्ताचा थर होय. तीही कल्हई नव्हे.

अर्थातील खरा भेद हेतूचा आहे. मुलामा बाहेरून देतात, तो शोभेसाठी. कल्हई आतून करतात, ती रक्षणासाठी. ताक, चिंचेचे सार, सोलकढी असे आंबट पदार्थ उघड्या तांब्याच्या वा पितळेच्या भांड्यात राहिले, तर त्यांतील आम्लामुळे तांब्याचे क्षार तयार होतात. पदार्थाला हिरवट झाक व तुरट चव येते आणि तो खाल्ल्यास मळमळ व उलटी होते. यालाच आपण पदार्थ 'कळकणे' म्हणतो. 'कळकणे' हा रोग आणि 'कल्हई करणे' हा त्याचा प्रतिबंध, अशी ही जोडी लक्षात ठेवावी.

आता कृती पाहू. भांडे घासून स्वच्छ करतात व भात्याने फुलवलेल्या कोळशांवर तापवतात. त्यात नवसागर टाकताच पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराईड या वायूंत विघटन होते आणि धातूवरील ऑक्साईडचा थर निघून जातो. मग कथलाची काडी टेकवताच ती वितळते आणि कारागीर कापसाच्या बोळ्याने कथील चपळाईने सर्वत्र पसरवतो. शेवटी भांडे पाण्यात बुडवतात. कथील तांब्याला नुसते चिकटत नाही. सांध्यावर दोहोंचे संयुग तयार होऊन थर घट्ट बसतो. थोड्या क्षणांच्या या कामात तापमानाचा अचूक अंदाज लागतो. कारागीर तो धूर रोज श्वासावाटे घेतो, हेही त्याची मजुरी ठरवताना आठवावे.

या ज्ञानातून तीन व्यावहारिक नियम निघतात. पहिला, कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये. दुसरा, ते तारेच्या चोथ्याने खरवडू नये. आतून तांबूस वा पिवळा रंग दिसू लागला की पुन्हा कल्हई करून घ्यावी. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. कथील महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून कथलात शिसे मिसळण्याचा मोह होतो. शिसे शरीरात साठत जाते आणि विशेषतः मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. तेव्हा कल्हई करवून घेताना शुद्ध कथलाचाच आग्रह धरावा. जेथे शेकडो मुलांचे अन्न एकाच पातेल्यात शिजते, तेथे ही दक्षता दुप्पट हवी.

हिंदीत 'कलई खुलना' म्हणजे बिंग फुटणे. मराठीने तो दोष बहुधा 'मुलामा' या शब्दावर सोपवला आणि 'कल्हई'कडे तिचे प्रामाणिक काम राहू दिले. शिसे मिसळलेली कल्हई मात्र नव्याने चकाकत असली, तरी ती केवळ मुलामाच होय. शब्दाचा अर्थ जपायचा, तर ज्यासाठी तो शब्द निर्माण झाला ते कामही चोख व्हावयास हवे.